विधी नको, पण निरोप हवा: बारा मिनिटे अंगणात, बाकीचे बाराव्याला

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका गावचे वाचनालय तुम्ही सांभाळता. गावात कोणी गेले की शोकसभेचे सूत्रसंचालन तुमच्याकडे येते. आता एका निवृत्त शिक्षकांच्या घरून विचारणा आली आहे. ते अंथरुणाला खिळले आहेत आणि त्यांनी मुलांना सांगून ठेवले आहे, "भटजी नको, पण मला नुसते उचलूनही नेऊ नका." असा निरोप कसा बांधायचा, किती वेळाचा असावा आणि त्यात काय चुकते, असे तुम्ही विचारले आहे.

आधी वेळेचे गणित मांडू, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. निरोप बांधून देणारा माणूस, इंग्रजीत सेलेब्रंट, हा पेशा म्हणून उभा राहिला तो ऑस्ट्रेलियात. तिथले अ‍ॅटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांनी १९७३ साली लग्ने लावण्यासाठी चर्चबाहेरची माणसे नेमायला सुरुवात केली आणि पुढे अशीच माणसे अंत्यसंस्कारही चालवू लागली. पुढे ब्रिटनमध्येही हे रुळले. पण तिकडे मृत्यू आणि अंत्यसंस्कार यांच्यात अनेकदा दोन-तीन आठवडे जातात. दहनगृहात ठरलेली वेळ मिळते, सभागृह असते, खुर्च्या असतात. इंटरनेटवर सापडणारे सगळे नमुने त्या हिशेबाने केलेले असतात. आपल्याकडे सकाळी सातला माणूस गेला तर दुपारी तीन-चारपर्यंत चितेला अग्नी दिलेला असतो. मधल्या आठ-नऊ तासांत घरचे लोक डॉक्टरचा दाखला, लाकडे, शववाहिका आणि मुंबईहून निघालेली बहीण या चार गोष्टींत गुंतलेले असतात. अशा वेळी चाळीस मिनिटांचा कार्यक्रम अंगणात करू गेलात की तो फसणारच. उन्हात उभी असलेली वयस्कर माणसे घेरी येऊन बसतात, मागच्या बाजूला कुजबुज सुरू होते आणि तिरडी उचलणारे घड्याळ बघू लागतात.

म्हणून निरोपाचे दोन तुकडे करायचे. पहिला मृतदेहासमोर, अंगणात किंवा सोप्यावर, फार तर बारा मिनिटांचा. दुसरा दहाव्या, बाराव्या किंवा तेराव्या दिवशी, पाऊण तास ते पन्नास मिनिटांचा. पहिल्या दिवशी त्या माणसाचे नाव घ्यायचे, तो कोण होता ते थोडक्यात सांगायचे आणि हात लावून निरोप द्यायचा. आठवणी, भाषणे, फोटो, गाणी हे सगळे दुसऱ्या तुकड्यात. विधी न मानणारे घर असले तरी बाराव्याचा दिवस सोडू नका. गावाला त्या दिवशी यायची सवय आहे, परदेशातली माणसे तोवर पोचलेली असतात आणि आईला "काहीच केले नाही" असे वाटत नाही.

आपल्याकडे हे अगदीच नवे आहे असेही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज काढला, तेव्हापासून पुरोहिताशिवाय संस्कार करण्याची रीत मराठीत आहे. कोणी "हे कुठले इंग्रजी फॅड?" म्हणाले तर एवढे सांगितले तरी पुरते. आणि हो, स्वतःला सूत्रनिवेदक म्हणा. सेलेब्रंट हा शब्द मयताच्या घरात कानाला बरा लागत नाही.

तुमच्या बाबतीत मोठी सोय ही की गुरुजी अजून बोलू शकतात. पुष्कळांना यात संकोच वाटतो. पण ज्याने स्वतःच "नुसते उचलून नेऊ नका" म्हटले आहे, त्याला विचारण्यात अमंगळ काहीच नाही. मुलाला बरोबर घेऊन अर्धा तास बसा आणि पाच गोष्टी कागदावर घ्या. अग्नी कोणी द्यावा. नेत्रदान किंवा देहदान हवे का. अंगावर काय असावे. काय वाजावे किंवा वाचले जावे. आणि काय मुळीच नको. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी, कारण लोकांना काय हवे ते सांगता येत नाही, पण काय नको ते पक्के ठाऊक असते. कागदावर त्यांची सही घ्या आणि त्याची एक प्रत पत्नीकडे, एक मुलाकडे ठेवा. मात्र हे लक्षात असू द्या की अशी इच्छा घरच्यांना सहज बाजूला ठेवता येते. देहदानाचा अर्ज वीस वर्षांपूर्वी भरलेला असला तरी प्रत्यक्ष वेळी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीवरच गोष्ट येते. म्हणून गुरुजींचे म्हणणे नुसते तुम्ही ऐकून भागत नाही, ते सगळ्या भावंडांनी ऐकलेले असले पाहिजे.

नेत्रदान ठरले असेल तर सहा तासांच्या आत डोळे काढले गेले पाहिजेत. मृत्यूनंतर लगेच पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे, पंखा बंद करायचा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवायचे. पंखा चालू राहिला तर बुबुळ कोरडे पडते आणि मग उपयोग राहत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असली तरी नेत्रदान होऊ शकते. काम पंधरा-वीस मिनिटांचे असते आणि चेहरा विद्रूप होत नाही. हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर ऐन वेळी मावशी आडवी येते. देहदान असेल तर बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, शरीररचनाशास्त्र विभागाशी आधीच बोलून कोणते कागद लागतील ते विचारून ठेवावे. पोलीस केस असेल, शवविच्छेदन झालेले असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह स्वीकारत नाहीत. म्हणून दुसरी योजना तयार ठेवा. देहदानात एक अडचण भावनिक असते: चिता नाही, अस्थी नाहीत, गाडीचे दार लागले की संपले. तिथे बारा मिनिटांचा अंगणातला निरोप दुप्पट महत्त्वाचा ठरतो. गाडी यायच्या निदान अर्धा तास आधी तो उरकलेला असावा, कारण चालकाला थांबवून ठेवता येत नाही.

आता लेखनाकडे येऊ. खरे काम हेच आहे.

माहिती गोळा करायला दीड तास लागतो आणि ती एकट्या मोठ्या मुलाकडून घ्यायची नाही. मुलगा वडिलांची नोकरी आणि घर बांधल्याचे साल सांगतो. सासरी गेलेली मुलगी त्यांचा आवाज सांगते. शेजारी त्यांची भांडणे सांगतो. घरकामाला येणारी बाई ते एकटे असताना काय करायचे ते सांगते. या चौघांपैकी निदान तिघांना वेगवेगळे गाठा, कारण एकत्र बसवले की सगळे मोठ्याचीच री ओढतात. "कसे होते हो ते?" असा प्रश्न विचारला की "देवमाणूस" असे उत्तर येते आणि वही कोरी राहते. त्यापेक्षा विचारा: सकाळी उठल्यावर पहिली गोष्ट काय करायचे? शर्टाच्या खिशात काय असायचे? कशावरून चिडायचे? जेवताना काय नसेल तर ताट सरकवायचे? बाजारात कोणाकडून मासळी घ्यायचे आणि घासाघीस करायचे का? या उत्तरांत माणूस सापडतो.

मग गाळणी. "मनमिळाऊ, परोपकारी, हसतमुख" ही विशेषणे कोणालाही चिकटतात, म्हणून ती कोणाचीच नसतात. प्रत्येक विशेषणाच्या जागी एक कृती ठेवा. "ते परोपकारी होते" याऐवजी "त्यांची सायकल ज्या दाराशी दिसायची, त्या घरात कोणाचा तरी पेन्शनचा अर्ज लिहिणे चालू असायचे." "शिस्तप्रिय होते" याऐवजी "वर्गात उशिरा आलेल्या मुलाला ते रागावत नसत, घड्याळाकडे बघत आणि खडू खाली ठेवत." असे एक वाक्य वाचले की अंगणातल्या पन्नास माणसांपैकी दहाजण मान हलवतात. चांगल्या मजकुराला मी एवढीच एक कसोटी लावतो.

गोव्यात एक खास पेच आहे तो भाषेचा. पुष्कळ घरांत बोलणे कोंकणीत आणि लिहिणे-वाचणे मराठीत. आठवणी तुम्हाला कोंकणीत मिळतात आणि तुम्ही त्या मराठीत लिहून काढता. इथवर ठीक आहे, ऐकणाऱ्यांना ते सवयीचे आहे. पण गेलेल्या माणसाच्या तोंडचे वाक्य कधीही मराठीत आणू नका. दारात पाऊल टाकताच "जेवलो मरे?" विचारणारी आजी तुमच्या मजकुरात "बाळा, जेवलास का?" म्हणू लागली की नातवंडांना ती ओळखू येत नाही. तिचे वाक्य जसेच्या तसे ठेवा, अर्थ सांगू नका. निवेदन मराठीत आणि अवतरण तिच्या बोलीत, असा हिशेब ठेवला की मजकूर जिवंत राहतो.

नावे आणि तारखा मात्र कागदाशी ताडून पाहा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधी जन्मलेल्यांच्या कागदांवर आडनावे पोर्तुगीज वळणाची असतात. कामत तिथे 'कामोतीं' असतात, प्रभू 'पोरोब' असतात. शाळेतली जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख यांत फरक असणे तर नेहमीचेच. मजकुरात घरचे नाव आणि खरे वय घ्या. मृत्यू नोंदवताना मात्र उलट करायचे, नाव अधिकृत कागदांवर असेल तसेच घालायचे. नोंदणी एकवीस दिवसांत पंचायतीत किंवा पालिकेत व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाला तर तिथूनच कळवले जाते, घरी झाला तर कळवणे घरच्यांवर असते. त्या वेळी नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले की पुढे वारसाहक्काच्या आणि इन्व्हेंटरीच्या (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या कोर्टातल्या) कामात वर्षभर खेटे पडतात. हे तुमचे काम नव्हे, पण त्या दिवशी वही-पेन घेऊन शांत डोक्याने बसलेले घरात तुम्हीच एकटे असता.

मजकुराची लांबी: अशा प्रसंगी सावकाश वाचताना मराठीत मिनिटाला नव्वद-शंभर शब्द होतात. अंगणातला मजकूर चारशे शब्दांवर नेऊ नका. बारा मिनिटे साधारण अशी जातात. एक मिनिट सगळे जवळ येईपर्यंत थांबणे आणि पूर्ण नाव घेऊन सुरुवात. चार मिनिटे मजकूर. दोन मिनिटे एखादा अभंग, कविता किंवा नुसता पखवाज, जे त्या माणसाचे असेल ते. चार मिनिटे फुले वाहणे. आणि शेवटच्या मिनिटात दोन-तीन वाक्ये, ज्यांनंतर खांदेकरी पुढे येतात. हे शेवटचे वाक्य खांदेकऱ्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही थांबता, ते थांबतात आणि कोणीच हलत नाही.

फुले वाहण्याचा हिशेब आधी करा. एका माणसाला चार सेकंद धरले तर साठ माणसांची चार मिनिटे होतात. दोनशे माणसे असली तर तेरा मिनिटांहून जास्त, म्हणजे तुमचा सगळा निरोप रांगेतच गेला. अशा वेळी दोन्ही बाजूंनी रांगा लावा, वेळ निम्मा होतो. किंवा फुले फक्त घरच्यांनी वाहायची आणि बाकीच्यांनी जागेवरून हात जोडायचे. फूल त्या माणसाच्या सवयीचे असावे. अबोली आणि शेवंती सहज मिळतात. आजीला सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, आवडायचा म्हणून कोणी हट्ट धरला, तर सुरंगीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाचा असतो हे आधीच सांगा. ऑगस्टमध्ये सगळा बाजार धुंडाळण्यात कोणाचा तरी तास जातो.

अंगणातल्या निरोपाचे आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत मोठे वाटते. कित्येक गावांत बायका अजून स्मशानात जात नाहीत. म्हणजे पत्नी, मुली, सुना, बहिणी यांच्यासाठी उंबऱ्याबाहेरची ती बारा मिनिटे हाच अंत्यसंस्कार. बोलायला दोन माणसे निवडायची असतील तर त्यांतली एक बाई असावी आणि पहिले फूल पत्नीचे. याच वेळी बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे असल्या गोष्टी करायला कोणीतरी म्हातारी पुढे सरसावते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो दाखला वाद घालायला उपयोगी आहे. पण अंगणात वाद घालायची वेळच येऊ देऊ नये. आदल्या बोलण्यात पत्नीला एकटीला गाठून विचारा, "त्या वेळी तुमच्या शेजारी कोण हवे?" तिने नाव घेतलेली बाई सकाळपासून तिच्या उजव्या हाताला बसलेली असली पाहिजे. काम फत्ते होते ते या बसण्याने.

घरात मतभेद असणारच. मुलगा म्हणतो काहीच नको, आई म्हणते निदान गोमूत्र आणि तुळशीपत्र तरी, काका म्हणतो भटजीला बोलावलेच आहे. इथे दोन्ही गोष्टींची खिचडी करू नये. मंत्र चालू असताना मध्येच आठवण वाचली की दोन्ही बिघडतात. एकामागून एक ठेवा: आईचे तुळशीपत्र घरात, माजघरात, चार माणसांत. मग देह अंगणात आणि तुमचा निरोप. भटजी आलेच असतील तर त्यांना कोपऱ्यात उभे करून ठेवू नका. किती वेळ लागेल ते त्यांना स्वतः जाऊन सांगा. बहुतेकजण समजूतदार असतात. ज्याने इच्छा लिहून ठेवली त्याचा शब्द आणि जी मागे राहिली तिचा जीव, या दोहोंत ताण आला तर माझे मत मागे राहिलेल्या बाईच्या बाजूने पडते. हे सगळ्यांना पटत नाही.

जावई किंवा सून ख्रिस्ती असेल तर त्यांच्या बाजूच्या लोकांना काय चालते हे ठाऊक असावे. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. पण २०१६ च्या सूचनेप्रमाणे रक्षा विखुरणे किंवा घरी ठेवणे त्यांना मान्य नाही. म्हणजे गेलेली व्यक्तीच कॅथलिक असेल तर रक्षा नदीत सोडण्याचा कार्यक्रम आखण्यापूर्वी पाद्रींशी बोलून घ्या. सातव्या दिवसाची मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आणि तुमची सभा एकाच संध्याकाळी येणार नाहीत हेही बघा.

आता यंत्रांविषयी, कारण रडे इथेच होते. अंगणात हातभर उंचीचा, चार्ज होणारा एक स्पीकर पुरतो. हातातला माइक बरा, कॉलरचा नको. तो वाऱ्याने फरफरतो आणि दुसऱ्या वक्त्याकडे देता येत नाही. गाणे फोनवरून यूट्यूबवर लावू नका. पहिल्या पाच सेकंदांत साबणाची जाहिरात वाजते आणि मग तो दिवस लोकांच्या लक्षात जाहिरातीसाठी राहतो. गाणे फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन विमानाच्या मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू ठेवा. लंडनला किंवा दुबईला असलेल्या मुलीसाठी व्हिडिओ जोडायचा असेल तर तो फोन वेगळा आणि तो धरणारा माणूस वेगळा. ब्रिटन आणि पोर्तुगाल आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतात, दुबई दीड तास. तिला नेमकी वेळ कळवा, "दुपारी" असे नको. ती रडत असते आणि तिचा आवाज स्पीकरवर येतो, म्हणून तिचा मायक्रोफोन बंद आहे ना हे आधी बघा.

जून ते सप्टेंबर या काळात स्मशानातल्या शेडखाली काहीही वाचायचा विचार करू नका. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की शेजारच्याचा आवाजही ऐकू येत नाही. सगळे घरीच उरका. मजकूर सोळा पॉइंटच्या अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला, पानांवर क्रमांक घालून छापा आणि खालचा एक तृतीयांश कागद कोरा सोडा. म्हणजे वाचताना मान खाली जात नाही. इंकजेटची शाई पावसाच्या दोन थेंबांनी पसरते. त्यापेक्षा लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या. फोनवरून वाचू नका, मधेच कोणाचा तरी "वेळ कितीची?" विचारणारा फोन येतो. आणखी एक प्रत खिशात असू द्या. मुलगी "मीच वाचते" म्हणून उभी राहते आणि दुसऱ्या ओळीला तिचा गळा दाटतो. तेव्हा तिच्या शेजारी जाऊन, कागद न ओढता, त्याच ओळीपासून वाचायला घ्यायचे.

चिता रचायचे काम जाणत्यांकडे सोडा, पण दोन प्रश्न आदल्या दिवशी किंवा सकाळीच विचारून घ्या. एक, स्मशानभूमीची जागा कोणाची: पंचायतीची, देवस्थानाची, एखाद्या समाजाची की खासगी? काही गावांत यावरून ऐन वेळी अडवणूक होते, आणि "विधी नाहीत" हे कळल्यावर अडवणाऱ्याला आणखी एक कारण मिळते. दोन, लाकडे सुकी आहेत का? एका चितेला साधारण तीन-चारशे किलो लाकूड लागते, ओल्या दिवसांत त्याहून जास्त. लाकूड भिजलेले असले तर चिता धुमसत राहते आणि लोक तासन् तास अडकतात. मुलगी अग्नी देणार असेल तर हे गावात आधी कळू द्या. तिथे गेल्यावर जाहीर केले की कुजबुज तिच्या कानांवर पडते.

मृत्यू अपघाती असेल, बुडून किंवा गळफासाने झाला असेल तर शवविच्छेदन होते. देह कधी मिळेल ते तुमच्या हातात नसते. तो ताब्यात येईपर्यंत वेळ जाहीर करू नका. आत्महत्येच्या निरोपात पद्धत बोलायची नाही, चिठ्ठी वाचायची नाही आणि "सुटला", "शांत झाला" असले शब्द वापरायचे नाहीत. ऐकणाऱ्यांत त्याच विचारात असलेले दुसरे कोणी असू शकते आणि त्याला ते उत्तरासारखे वाटते. काय झाले हे सगळ्या गावाला माहीत असते, म्हणून खोटे कारणही सांगू नका. "तो आजारी होता आणि त्याचा त्रास आम्हाला पुरता कळला नाही" एवढे घरच्यांना चालत असेल तर तेवढेच. लहान मूल गेले असेल तर शंभर शब्द पुष्कळ झाले. मुलाचे नाव, त्याला आवडणारी एक गोष्ट, आईबापांची नावे. "देवाला आवडला" हे वाक्य आईसमोर कोणी उच्चारू नये.

बाराव्याच्या सभेत उलट अडचण असते, म्हणजे वेळ भरपूर आणि वक्तेही भरपूर. चार वक्ते, प्रत्येकी तीन मिनिटे, नावे आधी ठरलेली. सरपंच किंवा आमदार येणार असतील तर त्यांना पहिले बोलू द्या. उशिरा आले तर त्यांना फूल वाहायला न्या, माइककडे नव्हे. हे कार्यकर्त्याला आदल्या दिवशी फोन करून सांगितलेले असावे, म्हणजे तोंडघशी पडावे लागत नाही. साडेचारला सुरुवात केली तर साडेपाचला माणसे मोकळी होतात. घरच्यांना अगदी समोर मधोमध बसवू नका. बाजूला, दाराजवळ बसवा, म्हणजे कोणाला उठून जावेसे वाटले तर सगळ्यांच्या नजरा चुकवून जाता येते. टेबलावर फोटोबरोबर तीन वस्तू पुरेत. चष्मा, खडूची पेटी, नाटकाची जीर्ण वही. दहा वस्तू मांडल्या की प्रदर्शन होते. माणूस उत्सवी नाटकांतला असेल तर त्याच्या संचातल्या कोणीतरी नांदी म्हणावी. भजनी असेल तर त्याचा मेळ बसवा, पण अर्ध्या तासाचे भजन सभेनंतर ठेवा. पखवाज एकदा सुरू झाला की थांबवणे तुमच्या हातात नाही.

मेलेल्या माणसाला संत करायचा मोह सगळ्यांना होतो. तो तापट होता, पत्ते खेळायचा, मुलाशी सहा वर्षे बोलला नाही, हे गावाला माहीत असते. सगळे सांगायची गरज नाही, पण एखादी खरी खोड मजकुरात हवीच. "रागावले की तीन दिवस बोलत नसत आणि चौथ्या दिवशी स्वतःच बाजारातून इसवण मासा घेऊन येत" या वाक्यावर हशा येतो आणि पाठोपाठ डोळे भरतात. मजकूर वाचण्यापूर्वी तो पत्नीला किंवा मोठ्या मुलीला ऐकवा. एकालाच, सगळ्या घराला नाही. सगळ्यांना दिलात तर प्रत्येकजण एक वाक्य घालतो आणि तुमचे चारशे शब्द नऊशे होतात.

पैशांचे सांगायचे तर मयताच्या दिवशी दारात काही घेऊ नका. छपाई, स्पीकर आणि प्रवास यांचा खर्च बाराव्यानंतर कागदावर लिहून द्या. मानधन घेणार असाल तर आकडा पहिल्या भेटीतच सांगा. आपल्या भागात हे देण्याची सवय नाही, म्हणून न सांगता अपेक्षा धरली तर दोघांनाही अवघड होते.

राहिल्या अस्थी. दुसऱ्या दिवशी सकाळी चितेत निखारे असू शकतात. रक्षा पाण्याने थंड केल्याशिवाय गोळा करू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच भरू नका, आतला निखारा पिशवी जाळतो. मातीचे मडके किंवा तांब्याचा गडू घ्या. गुरुजींच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, पोफळीचे रोप लावून त्यात रक्षा घालायची कल्पना चांगली आहे, पण राख क्षारयुक्त असते. खड्ड्यात मडकेभर ओतली तर रोप जळते. घमेलेभर माती आणि शेणखतात एक मूठ रक्षा पुरे. रोप पावसाच्या सुरुवातीला लावा, मे महिन्यात नको. आजूबाजूच्या पोफळींपासून पावणेतीन मीटर अंतर ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी ते सावलीत खुरटते आणि घरच्यांना भलतेच वाटू लागते.

बाकीची रक्षा नदीत किंवा समुद्रात सोडायची तर भरती-ओहोटीचे कोष्टक बघा. मांडवी-जुवारीत भरतीचे पाणी बरेच आतपर्यंत चढते. भरती चालू असताना सोडलेली रक्षा पायऱ्यांपाशी परत येते आणि मुलांच्या पायांना लागते. पूर्ण भरती होऊन ओहोटी लागल्यावर तासाभराने उतरा. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल ठरवलेली वेळ परवा चालत नाही. वारा पाठीवर घ्या, मडके पाण्यालगत नेऊन वाकवा, उंचावरून ओतू नका. पावसाळ्यात समुद्राकडे जाऊच नका, नदीचा घाट किंवा देवळाजवळची तळी धरा, आणि तळी असेल तर आधी देवस्थान समितीला विचारा. लाल कापड आणि हार पाण्यात टाकायचे नाहीत. मडके विसळून परत आणायचे आणि त्यातच ते पोफळीचे रोप लावेपर्यंत माती भरून ठेवायची.